तळव्यांचा आरसा

सावेकाका माणसाचा चेहरा लक्षात ठेवत नसत. तळवे लक्षात ठेवत.

सिल्वासाच्या बाजारात एखादा ओळखीचा गृहस्थ "केम छो, सावेभाई?" म्हणून समोर उभा राहिला, की काका त्याच्याकडे परक्या नजरेनं बघत राहायचे. समोरचा ओशाळायचा. मग त्यानं सपातेतून पाय काढून बोटं खाजवली, तर काकांचा चेहरा एकदम उजळायचा. "अरे, तू! डाव्या टाचेला कुरूप, अंगठ्याखाली तीळ! गलोंड्याचा ना? तुझ्या रक्तात हिवताप निघाला होता." आजूबाजूचे चार लोक वळून बघायचे आणि तो बिचारा कांदे न घेताच निघून जायचा.

मी त्यांच्या हाताखाली कामाला लागलो तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. साक्री तालुक्यातल्या एका गावातून मी आलो होतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीसुद्धा झालं नव्हतं, आणि मी बीएस्सी झालो होतो. खडोलीच्या रस्त्यावर एक लहानसं इस्पितळ होतं. तिथल्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून मला घेतलं, त्या दिवशी मी इस्पितळाच्या पायरीला हात लावून नमस्कार केला होता. काकांनी ते खिडकीतून बघितलं असावं. मी आत गेल्यावर ते म्हणाले, "पायरीला काय हात लावतोस? चपला काढ. पाय वर कर."

मला वाटलं, ही इथली रीत असेल. मी मुकाट्यानं एका पायावर उभा राहिलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून माझा एक तळवा बघितला, मग दुसरा. "बेस. काही नाही. नाव काय म्हणालास?" मी नाव सांगितलं. त्यांनी ते ऐकलं आणि तिथल्या तिथे विसरून गेले. पुढची सगळी वर्षं मी त्यांच्यासाठी 'बीएस्सी' होतो.

आमच्याकडे रक्त द्यायला येणाऱ्या माणसाला एका उंच बाकावर बसावं लागे. बाकाच्या चारही पायांखाली काकांनी विटा लावल्या होत्या, त्यामुळे बसणाऱ्याचे पाय लोंबकळत. आणि बाकाखाली, जमिनीवर तिरका टेकवलेला एक आरसा होता. बाजारातलं एक चपलांचं दुकान बंद झालं तेव्हा काकांनी तो तिथून उचलून आणला होता. दारावर पाटी: 'चपला-बूट बाहेर. धूळ चालत नाही.' धुळीचं निमित्त. काका हातातून रक्त काढायचे आणि डोळे त्या आरशात असायचे.

कारखान्यांच्या वसाहतीत पुण्याहून आलेले एक मॅनेजरसाहेब होते. त्यांनी विचारलं, "हा आरसा इथे कशाला?"

"बुटांचं पॉलिश बघायला, साहेब."

"पण बूट तर तुम्ही बाहेर काढायला लावलेत."

"म्हणून तर मोजेपण काढा जरा."

साहेबांनी इस्पितळाच्या बड्या साहेबांकडे तक्रार केली, की तुमचा माणूस सुई हातात खुपसतो आणि बघतो पायाकडे. काकांना बोलावणं आलं. ते जाऊन आले. काय झालं विचारलं तर म्हणाले, "बड्या साहेबांचे तळवे मऊ आहेत. डाग नाही." म्हणजे तिथेही त्यांनी आपलं काम उरकून घेतलं होतं.

आमच्या कंपाउंडरच्या मुलीच्या लग्नात तर कहर झाला. मुलीचे वडील जावयाचे पाय धूत होते, भटजी मंत्र म्हणत होते, आणि पहिल्या ओळीतले सावेकाका उठून सरळ तबकावर वाकले. "हा कधीपासून आहे?" भटजी थांबले. वरमाईनं विचारलं, "कोण कधीपासून आहे?" "हा काळा डाग. टाचेवरचा." नवरदेव घाबरून म्हणाला, की सकाळी मांडवात कोणाच्या तरी मेंदीवर पाय पडला होता. काकांनी अंगठा ओला करून डाग घासला. गेला. "चालू द्या," असं भटजींना सांगून ते जागेवर येऊन बसले. पुढे जेवणाच्या पंगतीत वरपक्षाकडच्या प्रत्येकानं पाय मांडीखाली घट्ट दडवून ठेवले होते.

लोक हसत. मीही हसत असे. पण एकदा मी विचारलं, तेव्हा ते हसले नाहीत.

"बीएस्सी, गोऱ्या लोकांना तो वाईट काळा डाग पाठीवर होतो, पोटरीवर होतो. आपल्या माणसाला होतो तळव्याला, टाचेला, नखाखाली. इकडे सुरंगी गावचा माणूस आयुष्यभर अनवाणी चालतो. त्याला वाटतं काटा मोडलाय, चिखल आहे, मार लागलाय. चेहऱ्यावरचा तीळ आख्खं गाव बघतं रे. तळव्याकडे कोण बघतं?"

असा डाग सापडला, की सर्जन तो कापून आमच्याकडे पाठवत. मग सावेकाका वेगळे होत. बाजारात चेहरे विसरणारा हा माणूस त्या वाटाण्याएवढ्या तुकड्याशी इतक्या मायेनं वागे, की मी बघत राही. तुकडा मेणात बसवायचा. पात्यानं त्याचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचा, काचेवर घ्यायचा. तो निळ्या रंगात बुडवायचा, मग आम्लाच्या पाण्यात एक बुडी देऊन जास्तीचा निळा उतरवायचा, मग गुलाबी. "निळ्याला घाई चालत नाही, गुलाबीला आळस चालत नाही," असं म्हणत ते काचा वरखाली करत.

पण त्याआधी ते एक काच काहीच न लावता बाजूला ठेवत. तिला ते 'कोरी' म्हणत. पहिल्याच महिन्यात मी एका काचेवर तपकिरी दाणे बघून मोठ्या उत्साहानं ओरडलो होतो, "काका, रंग काय सुंदर लागलाय!" त्यांनी शांतपणे कोरी काच माझ्या भिंगाखाली सरकवली. तिच्यावरही तेच दाणे होते. "हा त्या माणसाचा स्वतःचा काळा. तू लावलेला नाही. आधी कोरी बघावी, मग आपल्या रंगाची फुशारकी मारावी." मुंबईला जी नवी तपासणी होते, तिच्यात अशा डागाला तपकिरीऐवजी मुद्दाम लाल रंग लावतात, म्हणजे माणसाचा कुठला आणि बाटलीतला कुठला ते वेगळं दिसतं, हेही त्यांनीच मला सांगितलं. माझ्या कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं.

त्यांचा लाडका प्रश्न एकच. "रंग कुठवर उतरलाय?" मेसच्या रश्शाला, नव्या चुन्याच्या भिंतीला, नर्सच्या धुतलेल्या साडीला, सगळ्याला तोच प्रश्न. खरा मात्र तो डागांचा. "वर गडद आणि खाली जाता जाता फिकट होत गेला, तर साधा तीळ. हसत घरी जाऊ द्या. डाग वाईट जातीचा असेल, तर तो कुठवर गेलाय ते बघा. वरच्या थरातच थांबलाय, तर अजून वेळ आहे. खालपर्यंत तेवढाच गडद, नाहीतर मध्येच इथे-तिथे ठिपके, तर..." एवढं बोलून ते थांबत आणि काच पुसायला लागत.

आठवड्यातून दोनदा वापीहून देसाईबेन येत. त्या आमच्या डॉक्टर, काच बघून रिपोर्ट त्या लिहीत. काकांची एक वही होती. डाव्या पानावर शाळकरी रंगीत पेन्सिलींनी काढलेलं काचेचं चित्र, रंग कुठे गडद, कुठे फिकट, कुठवर खाली. उजव्या पानावर तो माणूस. पाऊस संपला, की काका सायकल काढून सुरंगीला, गलोंड्याला, कुठे कुठे जात. याला ते 'हजेरी घेणं' म्हणत. परत येऊन त्या पानावर लिहीत: 'चालतो.' 'काठी लागली.' 'शेतावर गेलेला, भेटला नाही, बायको म्हणाली बरा आहे.' 'गेली.'

"सावेभाई, तमे टेक्निशियन छो के ज्योतिषी?" देसाईबेन चिडवत. पण अवघड काच आली, की भिंगातून डोळा न काढता हळूच विचारत, "तमारी वही शुं कहे छे?"

वहीचं पहिलं पान मी एकदाच बघितलं. नाव होतं सुमन हरिश्चंद्र सावे. हरिश्चंद्र म्हणजे काका. डाव्या पानावर चित्र होतं, खालपर्यंत एकसारखं गडद. उजवं पान कोरं. काका आमलीला एका खोलीत एकटेच राहत. त्यांना कधी कोणाचं पत्र आल्याचं मी बघितलं नव्हतं. मी वही मिटून ठेवली आणि काही विचारलं नाही.

माझ्या नोकरीला वर्ष झालं तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, पहिल्यांदा सिल्वासाला आले. तीस वर्षं त्यांनी सडकेवर मजुरी केली, शेवटी मुकादम झाले. खडी पसरायची, वर उकळतं डांबर ओतायचं. त्या डांबरावर माझं कॉलेज झालं. आपला मुलगा जिथे पांढरा कोट घालतो ती जागा त्यांना बघायची होती. मी अभिमानानं त्यांना आत नेलं, आणि बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून उंच बाकावर बसवलं.

काका आत आले. "नमस्कार, आबा," म्हणाले आणि सवयीनं आरशात बघितलं.

ते काहीतरी बोलतील म्हणून मी वाट बघत होतो. कुरूप, भेग, काहीतरी. पण काका खाली बसले, आबांची उजवी टाच हातात घेतली आणि उजेडाकडे वळवली. टाचेच्या कडेला नाण्याएवढा काळा डाग होता. कडा वाकड्यातिकड्या, एका बाजूला जास्त काळा. मी त्या पायांवर डोकं ठेवून परीक्षेला गेलो होतो, दरवेळी. मी तो कधीच बघितला नव्हता.

"डांबर शे ते," आबा हसून म्हणाले. "तीस वरीसनं डांबर. रॉकेल लावं का निंघी जाई."

"किती दिवस लावताय रॉकेल?"

आबांनी विचार केला. "दोन वरीस व्हयनात."

काकांनी टाच हळूच खाली ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बीएस्सी, आबांना चहा पाज." त्या दिवशी त्यांनी दिवसभर कोणाचेच तळवे बघितले नाहीत.

आबा ऐकेनात. डांबराचा डाग काढायला ऑपरेशन करतं का कोणी? गावाला परत जातो म्हणाले. मी हात जोडले, रागावलो, बीएस्सीच्या पुस्तकातली वाक्यं सांगितली. उपयोग शून्य. माझं जेवण तुटलं. रोज आबा चालायला निघाले, की मी त्यांच्या टाचेकडे बघत मागून चाले.

काका रोज संध्याकाळी डहाणूचे चिकू घेऊन आमच्या खोलीवर यायला लागले. डागाचं नावही काढत नसत. रस्त्यांबद्दल विचारत. खडी केवढी, डांबर किती तापवायचं, रोलर कधी फिरवायचा. आबांना एवढ्या आदरानं त्यांच्या कामाबद्दल कोणी कधी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. आबा खुलून सांगत. अहिराणी शब्दापाशी अडलं, की काका गुजराती शब्द पुढे करत, आणि दोघांचं कसं कोण जाणे पण जमत असे. पाचव्या-सहाव्या दिवशी काकांनी विचारलं, "आबा, रस्ता चांगला झाला हे कसं ओळखता?"

"उकरी देखनं," आबा म्हणाले. उकरून बघायचं. डांबर खडीत खोल उतरलं असेल, तर रस्ता टिकेल. नुसतं वर राहिलं असेल, तर पहिल्या पावसात जाईल.

"माझंपण तेच काम आहे," काका म्हणाले. "फक्त उलटं. तुमच्याकडे वर राहिलं तर रस्ता गेला. माझ्याकडे खाली उतरलं तर माणूस. उकरल्याशिवाय तुम्हाला कळत नाही, मग मला कसं कळावं?"

आबा बराच वेळ चिकू सोलत बसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भाऊ, उद्या उकरी टाकू."

डाग काढला. तुकडा आमच्याकडे आला. मेणात बसवला, तेव्हा मी म्हणालो, "काका, ही काच मी रंगवतो."

"नाही."

"माझे वडील आहेत."

"म्हणूनच नाही. आपल्या माणसाची काच आपण रंगवायची नाही. हा नियम आहे."

"कोणी केला?"

ते बाटल्या पुसत होते. "मी एकदा रंगवली होती. आम्लाच्या पाण्यात एक बुडी जास्त दिली गेली. मुद्दाम नाही. फिकी दिसू दे, फिकी दिसू दे, असं मन म्हणत होतं, आणि हातानं ऐकलं. काच फिकी आली. तेव्हाच्या डॉक्टरांना नीट दिसेना, पुन्हा करायला लागली. आठ दिवस गेले." दुसरी बाटली उचलून म्हणाले, "आठ दिवसांनी काही फरक पडला नसता म्हणतात. म्हणतात." आणि मग नेहमीच्या आवाजात, "निळ्याची बाटली भर, बीएस्सी."

मला वहीचं पहिलं पान आठवलं. मी बाटली भरली. म्हटलं, ठीक, काका स्वतः रंगवतील. त्यांच्यासारखा हात वापीपर्यंत कोणाचा नाही.

दुसऱ्या दिवशी मेणाची वडी फळीवर तशीच होती. तिसऱ्या दिवशीही तशीच. काका लघवीच्या बाटल्या तपासत होते, थुंकी तपासत होते, नको ती कपाटं आवरत होते, फळीकडे पाठ करून. मला राग आवरेना. साऱ्या नगर हवेलीचे तळवे बघत फिरणारा माणूस, आणि माझ्या बापाच्या तुकड्याला हात लावायला याला वेळ नाही! चौथ्या दिवशी आज बोलायचंच, असं ठरवून मी लवकर गेलो.

फळीवर वडी नव्हती. काकाही नव्हते.

मी फळीवरचं सगळं खाली काढलं. कचऱ्याची बादली उपडी केली. वडी हरवली म्हणजे काय, हे एव्हाना मला नीट कळत होतं. दुसरा तुकडा नव्हता. त्या दोन बोटं मेणात आबांचं पुढचं सगळं होतं. शिपाई म्हणाला, सावेकाका पहिल्या बसनं वापीला गेले. का, ते त्याला ठाऊक नव्हतं. देसाईबेन आल्या, त्यांनाही नव्हतं. मी आरशासमोर जमिनीवर बसून राहिलो.

दुपारी काका आले. शर्टाच्या खिशावर हात दाबून धरलेला. खिशातून रुमाल निघाला, रुमालातून काड्यापेटी, काड्यापेटीतून कापसात गुंडाळलेल्या दोन काचा. एक रंगवलेली, एक कोरी. वापीला त्यांच्या ओळखीचा एक म्हातारा तंत्रज्ञ होता, त्याच्याकडून करून आणल्या होत्या.

देसाईबेन भिंगाशी बसल्या. काका आत थांबले नाहीत. बाहेर जाऊन लोकांच्या चपला ओळीत लावत बसले. मी मध्येच, दारात. बेननी आधी कोरी काच बघितली, मग रंगवलेली. एक टोक, दुसरं टोक, परत पहिलं. मला त्यांच्या फिरत्या बोटांखेरीज काही दिसत नव्हतं.

"सावेभाई," त्यांनी हाक मारली. "जात खराब छे. पण उपर ज छे. नीचे नथी उतर्यो."

काका आत आले नाहीत. मी बाहेर गेलो. त्यांच्या हातात कोणाची तरी एकच चप्पल होती, आणि ते तिची जोडी शोधत होते. जोडी त्यांच्या पायाशीच होती.

"काका, तुम्हीच का नाही रंगवलीत? तीन दिवस मी..."

"नियम काय तुझ्यापुरताच आहे?" ते चपलेकडे बघत म्हणाले. "मी पाती लावून बसलो होतो पहिल्या दिवशी. हात ऐकेना. आबांनी मला एवढं रस्त्याचं काम शिकवलं, आता मी काय परका आहे का?"

पुढे मुंबईला आजूबाजूची कातडी काढावी लागली, मांडीची कातडी टाचेला लावली. तिथून लाल रंगाच्या काचेचा रिपोर्ट आला, तोही तेच सांगत होता. काकांनी वहीत आबांचं पान उघडलं आणि पेन्सिलीनं फक्त वरची एक पट्टी काळी केली.

गावाला परत जायच्या दिवशी आबा काठी टेकत निरोप घ्यायला आले. काकांनी त्यांना बाकावर बसवलं, टाच बघितली, दुसरा पाय बघितला, बोटांच्या बेचक्या बघितल्या. "पावसानंतर हजेरीला येईन," म्हणाले. "एस्टी जाते ना तिकडे?"

"येजा," आबा म्हणाले. उठले मात्र नाहीत. "सावेभाऊ, तुमना पाय कोन देखस?"

काकांना अहिराणी कळली नाही, असं वाटून मी म्हणालो, "ते विचारताहेत, तुमचे पाय कोण बघतं?"

"कळलं मला." काका बाटल्या सरळ करायला लागले. सरळच होत्या त्या. "आरसा आहे की."

"आरसा तं बाकखाले शे. बाकवर तुम्ही कव्हय बठनात?"

आबा खाली उतरले आणि काठीनं बाकाकडे खूण केली. मुकादमानं मजुराला दाखवावी तशी. सावेकाका चपला काढून बाकावर चढून बसले. विटांमुळे त्यांचेही पाय लोंबकळले. ते आरशात बघत नव्हते. समोरच्या भिंतीकडे बघत होते. आबा दुखरी टाच सांभाळत बाकासमोर जमिनीवर बसले, काकांचा एक पाय मांडीवर घेतला आणि तीस वर्षं डांबर ओतलेला अंगठा तळव्यावरून सावकाश फिरवत राहिले.

"वरथून भेगा शेतस," आबा म्हणाले. "खाले काही नही. आना तो दुसरा पाय."